हस्तव्यवसायाच्या तासातील ग्लू गन : निवड आणि दक्षता

हस्तव्यवसायाच्या तासाला पूर्वी खळीचे वाडगे, डिंकाची बाटली व कात्री एवढी सामग्री पुरेशी होत असे. आता तीत विजेच्या एका साधनाची भर पडली आहे. तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात ते काही शे रुपयांत मिळते. आणि विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलनाची सजावट, आकाशकंदील, किल्ल्याची प्रतिकृती अशा एखाद्या निमित्ताने ते शाळेत प्रवेश करते. ग्लू गन हे त्याचे बाजारातील नाव. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. हातकामाकडे शिक्षकांचा कल वाढावा अशीच ती योजना आहे, आणि तो कल सर्वथा स्तुत्य होय. चिंता वाटते ती साधन विकत घेण्याच्या रीतीविषयी. दुकानदार जे पुढे करील ते, त्यांतही जे स्वस्त असेल ते, पिशवीत पडते. ते कोणत्या वयाच्या मुलांमध्ये ठेवले जाणार आहे, हा प्रश्न विकणाराही विचारीत नाही व घेणाराही नाही.

निवड करण्यापूर्वी साधनाचे कार्य समजून घेणे अवश्य आहे. या बंदुकीत ज्या कांड्या घालतात, त्या दिसावयास मेणबत्तीसारख्या व अर्धपारदर्शक असतात. इथिलीन व व्हिनाइल ॲसिटेट यांच्या संयोगाने होणारे एक प्लॅस्टिक, राळेच्या जातीचे चिकट द्रव्य आणि मेण यांचे ते मिश्रण असते. मागील छिद्रातून कांडी आत घालावयाची. चाप ओढला की ती पुढे सरकते, विजेने तापलेल्या छोट्या कोठीत वितळते आणि टोकातून जाड धारेने बाहेर पडते. या गोंदात पाणी नसते, उडून जाणारे द्रावकही नसते. खळ धरते ती तिच्यातील पाणी सुकल्यावर. हा गोंद धरतो तो केवळ निवल्याने, म्हणूनच एका मिनिटाच्या आत पुठ्ठा, लाकडाची पट्टी, कापड वा बांबूची काडी पक्की बसते. शिक्षकाला त्याचे आकर्षण वाटते ते याच गुणासाठी. धोकाही याच गुणातून उत्पन्न होतो. निवणारी वस्तू आपली उष्णता ज्याला चिकटली असेल त्याला देते. आणि चिकटलेली वस्तू मुलाचे बोट असेल, तर ती उष्णता बोटाला मिळते.

बाजारात या बंदुका मुख्यतः दोन जातींच्या येतात. एका जातीचा गोंद सुमारे १२० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो, दुसऱ्या जातीचा सुमारे १९० अंशांना. पहिलीला कमी तापमानाची म्हणतात, आणि या ‘कमी’ शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. ऊसकरी भागातील शिक्षकांना गुऱ्हाळाचा दाखला पुरेसा व्हावा. काहिलीतील रस गूळ धरावयाच्या वेळी सुमारे ११८ अंशांपर्यंत पोहोचलेला असतो. त्या पाकाचा शिंतोडा ज्याच्या हातावर उडाला आहे, त्याला ‘कमी तापमान’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील मॉरिट्झ व हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसते की ६० अंशांचे पाणी सुमारे ५ सेकंदांत त्वचा जाळते, आणि ७० अंशांना त्यास एखादा सेकंद पुरतो. हे आकडे प्रौढांच्या त्वचेचे आहेत. मुलाची त्वचा पातळ असल्याने ती याहून लवकर भाजते. शिवाय पाणी ओघळून जाते. पाक आणि गोंद मात्र चिकटून राहतात व निवेपर्यंत भाजीत राहतात.

तेव्हा पूर्णतः निर्धोक अशी ग्लू गन साध्या बाजारात मिळत नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे. कमी तापमानाच्या बंदुकीने होणारी इजा तुलनेने उथळ राहण्याचा संभव अधिक, एवढाच तिचा गुण. पण तो गुण थोडा नव्हे. शाळेसाठी बंदूक घ्यावयाचीच असेल तर ती कमी तापमानाचीच घ्यावी. लाकूड व जड वस्तू जोडण्यासाठी अधिक तापमानाची हवी, असा आग्रह दुकानात धरला जातो. परंतु प्राथमिक शाळेतील मुलांच्या हातून ज्या वस्तू होतात, त्यांना तेवढ्या जोराची गरज क्वचितच पडते. एक कळ फिरवून दोन्ही तापमाने देणारी बंदूकही मिळते. ती शाळेत आणू नये. कळ कोणत्या बाजूला आहे हे मुलाने पाहिले नाही तर तिचा कमीपणा व्यर्थ ठरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लहान बंदूक म्हणजे कमी तापमानाची, अशी समजूत सार्वत्रिक आहे. लहान बंदुकीत सुमारे ७ मिलिमीटर जाडीची कांडी जाते, मोठीत ११ मिलिमीटरची. लहानीवर २० वॅट असा आकडा असतो, मोठीवर ४०, ६० वा १०० वॅट. यांपैकी कोणताही आकडा गोंदाची उष्णता सांगत नाही. वॅटचा आकडा बंदूक किती वेगाने तापते व किती गोंद सतत वितळवू शकते, एवढेच दर्शवितो. खेळण्याएवढी दिसणारी २० वॅटची बंदूकही अधिक तापमानाची असू शकते. यास्तव वेष्टनावर वा बंदुकीच्या अंगावर तापमानाचा स्पष्ट उल्लेख शोधावा आणि तो नसेल तर ती वस्तू परत ठेवावी. कांड्यांच्या पुडक्यावरही त्या कोणत्या जातीच्या बंदुकीसाठी आहेत, हे छापलेले असते. अधिक तापमानाची कांडी कमी तापमानाच्या बंदुकीत नीट वितळत नाही. मग मूल दोन्ही हातांनी चाप दाबू लागते आणि बंदूक निसटते. उलट, कमी तापमानाची कांडी जास्त तापलेल्या बंदुकीत पाण्यासारखी पातळ होऊन टोकातून आपोआप टपकू लागते.

वेष्टनावरील लेखनावर विश्वास नसेल तर एक साधी परीक्षा आहे. नवीन यंत्राच्या खोक्यातून आलेला थर्मोकोलचा टाकाऊ तुकडा घेऊन त्यावर गोंदाचा थेंब सोडावा. थर्मोकोल १०० अंशांच्या आसपास नरम पडतो; अधिक तापमानाचा गोंद त्यात खड्डा पाडीत खाली जातो, कमी तापमानाचा थेंब बहुतेक वरच बसून राहतो. ही परीक्षा शिक्षकाने मोकळ्या हवेत एकट्यानेच करावी. (थर्मोकोल येथे केवळ परीक्षेपुरता. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी त्याच्या वापरास बंदी घातली आहे. शाळेच्या रंगमंचावर त्याची कमान उभारणे कोणत्याही दृष्टीने शोभत नाही.)

तापमानानंतर बंदुकीची बांधणी पाहावी. पुष्कळ स्वस्त बंदुकांना चालू-बंद करण्याचे बटणच नसते. प्लग लावला की त्या तापू लागतात. बटण व चालू असल्याचे दर्शविणारा दिवा, दोन्ही असलेली बंदूक घ्यावी. पुढील धातूच्या नळीवर उष्णतारोधक रबरासारखे टोपण असावे व केवळ टोकाचा बिंदू उघडा राहावा. तारेचा टेकू बंदुकीला घट्ट बसलेला असावा. मुलाच्या हातात चाप सहज ओढला जातो की नाही, हे दुकानातच कांडी घालून पाहता येते. मात्र थंड बंदुकीचा चाप थोडा कठीण लागतो, हे ध्यानी घ्यावे.

विजेची बाजू खेड्यातील शाळेत अधिक नाजूक असते. या बंदुकांचा प्लग बहुधा दोन पिनांचा असतो. जुन्या सॉकेटात तो सैल बसला की ठिणग्या उडतात. सॉकेट प्रथम दुरुस्त करून घ्यावे. एक्स्टेंशन बोर्ड वापरणे भाग पडले तर तो आयएसआय चिन्हाचा असावा आणि त्याची वायर मुलांच्या पायांत येणार नाही अशी भिंतीकडेने न्यावी. पावसाळ्यात व्हरांड्यातील ओल्या फरशीवर हे काम करूच नये. बंदुकीचे आवरण तडकले असेल तर चिकटपट्टी लावून ती चालविण्याचा मोह टाळावा, ती निकालातच काढावी. शाळेच्या मीटरजवळ ईएलसीबी बसविलेले असल्यास उत्तम. नसल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे ती मागणी ठेवण्यास हे एक चांगले निमित्त आहे.

आणखी एक गोष्ट. काम चालू असता वीज जाते, तास संपतो, मुले उठतात, आणि प्लग तसाच राहतो. सायंकाळी कुलूप लागल्यावर वीज परत येते, तेव्हा कागदाच्या कपट्यांनी भरलेल्या टेबलावर ती बंदूक रात्रभर तापत राहते. वीज जाताच प्रथम प्लग काढावयाचा, हा नियम शिक्षकाने स्वतःच्या हाताला लावून घेतला पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. ही बंदूक कोणाच्या हातात असावी?

पहिली व दुसरीच्या वर्गात तिचे काही काम नाही. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी ती दुरून पाहावी. जोड कोठे द्यावयाचा ते त्यांनी पेन्सिलीने दाखवावे, तुकडे जुळवून आणावेत, गोंद शिक्षकाने सोडावा. सहावीपासून पुढील मुलांच्या हातात ती देता येईल. परंतु एका वेळी एकाच्याच हातात, आणि शिक्षक हाताच्या अंतरावर असतानाच. देण्यापूर्वी प्लग न लावलेल्या बंदुकीवर सराव घ्यावा. ती टेकूवर कशी ठेवावयाची, टोक नेहमी खाली व आपल्यापासून दूर कसे राहील, चाप किती ओढावयाचा, हे सर्व थंड बंदुकीवर दोन-तीन वेळा झाल्याशिवाय प्लग लावू नये. नावातच बंदूक असल्यामुळे मुले ती परस्परांवर रोखतात, हे गृहीत धरूनच चालावे. जो रोखील त्याचा त्या दिवसाचा वाटा गेला, एवढे आरंभीच सांगून ठेवले म्हणजे पुढे रागावण्याचा प्रसंग येत नाही.

तापलेल्या टोकाला मुले सहसा भितात. त्यांना भीती वाटत नाही ती नुकत्याच सोडलेल्या गोंदाची. तो स्वच्छ, चमकदार व निरुपद्रवी दिसतो. आणि वरून पुठ्ठा ठेवून बोटाने दाबणे ही तर हाताची सवयच असते. दाबले की कडेने गोंद बाहेर येतो व बोटाला लागतो. म्हणून दाबण्यासाठी प्रत्येक मुलाजवळ लाकडाची एक चपटी काडी असावी. कापडी हातमोज्यांनी संरक्षण होईल असे वाटते, पण पातळ गोंद कापडात मुरतो आणि मोजा काढीपर्यंत भाजीत राहतो.

मांडणी अशी असावी की टेबल भिंतीच्या सॉकेटजवळ असेल, त्यावर जुनी फरशी वा पत्र्याचा तुकडा अंथरलेला असेल, आणि दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर खडूची रेषा ओढलेली असेल. रेषेच्या आत एक मूल व शिक्षक. मोकळे केस बांधलेले असावेत, ओढणी खोचलेली असावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गोंद फार तापून धूर येऊ लागला तर बंदूक बंद करावी.

द्विशिक्षकी शाळेचा प्रश्न मात्र निराळा आहे. दोन-दोन, तीन-तीन वर्ग एका शिक्षकाकडे असतात. सहावीचा हात धरून बसावे तर दुसरीची मुले उठून दाराशी येतात. अशा स्थितीत मुले शाळेत असताना बंदूक तापविणेच योग्य नाही. मुलांनी तुकडे कापावेत, जोडाच्या खुणा कराव्यात, नावे घालावीत. शिक्षकाने शाळा सुटल्यावर जोड द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पुढील काम मुलांकडे सोपवावे. यात थोडा वेळ जातो, पण मुलाचा हात शाबूत राहतो. तथापि याही व्यवस्थेत एक सूक्ष्म दोष आहे. बंदूक शिक्षकाच्या हाती व प्रदर्शनाची तारीख जवळ, असा योग आला म्हणजे हळूहळू सारी वस्तूच शिक्षकाच्या हातून तयार होते आणि मूल कात्री धरून उभे राहते. प्रदर्शनातील एखादी देखणी प्रतिकृती पाहताना ती कोणी केली हे ओळखणे कठीण नसते. वाकडा, पण मुलाने खळीने जोडलेला जोड शाळेच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

म्हणूनच, प्रत्येक कामाआधी बंदूक खरोखर हवी आहे काय, याचा विचार व्हावा. कागदाला कागद जोडण्यास तिची गरज नाही. मैदा वा गव्हाचे पीठ एक वाटी, पाणी चार-पाच वाट्या, गुठळी न होऊ देता शिजवून केलेली खळ पहिलीच्या मुलालाही निर्धास्तपणे देता येते. पतंग चिकटविण्यास भाताची शितेही चालतात, हे मुलांना शिक्षकापूर्वीच ठाऊक असते. पुस्तकबांधणी करणारे खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, शाळेच्या खळीत ते कदापि घालू नये. खळ थोडीच करावी व दोन दिवसांत संपवावी. चिंचोक्याची खळ अधिक घट्ट होते. सावंतवाडीच्या गंजिफांचे कापड तयार करताना तिचाच उपयोग करण्याची परंपरा आहे. बाभळीचा डिंक तर शिवारात फुकट मिळतो. पुठ्ठा व लाकूड यांसाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद पुरतो. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले, तेव्हापासून सुतारांच्या हातात तो आहे. तो पाण्यात मिसळलेला असल्याने सुकण्यास वेळ घेतो, पावसाळ्यात अधिकच, पण जोडाला दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवले म्हणजे तो बंदुकीच्या गोंदापेक्षा चिवट निघतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षेचे कार्य सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महाग साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया व पाने यांतूनच त्यांनी शिक्षणसामग्री उभी केली. त्या सामग्रीला विजेचा प्लग लागत नव्हता.

याउलट दोन चिकट पदार्थ मुलांच्या हाती देऊच नयेत. क्षणात चिकटविणारा, छोट्या नळीतून मिळणारा पातळ गोंद बोटे व पापण्या चिकटवितो, आणि सुती कापडावर सांडला तर स्वतःच तापून भाजतो. दुसरा, उग्र वासाचा पिवळा रबरी गोंद. त्यातील द्रावक ज्वालाग्राही असते व त्याच्या वासाचे व्यसन मुलांना लागू शकते.

वरच्या वर्गात या सर्व गोंदांचा एक चांगला पाठ होऊ शकतो. पुठ्ठ्याच्या एकसारख्या पट्ट्यांच्या जोड्या घेऊन त्या खळ, डिंक, पांढरा गोंद व बंदुकीचा गोंद यांनी जोडाव्यात. एक दिवस सुकू द्याव्यात. मग प्रत्येक जोडाला दोऱ्याने पिशवी टांगून तीत एक-एक खडा टाकीत जावे व कोणता जोड किती खड्यांना सुटला ते मुलांनी वहीत लिहावे. दुसरा संच पाण्यात बुडवावा, तिसरा दुपारी तापलेल्या पत्र्यावर ठेवावा. खळीचा व डिंकाचा जोड पाण्यात सुटतो. बंदुकीचा जोड पाण्यात टिकतो, पण तापलेल्या पत्र्यावर नरम पडतो. स्थायू, द्रव, वितळणे, बाष्पीभवन या कल्पना मुलांच्या हातातून जातात, आणि बंदुकीने जोडलेला आकाशकंदील वैशाखात का सुटतो याचे उत्तर त्यांना पुस्तकाविना मिळते.

एवढी दक्षता घेऊनही कोणी भाजलेच, तर शिक्षकाला पहिल्या मिनिटात काय करावयाचे ते पाठ असले पाहिजे. भाजलेला भाग तत्काळ थंड वाहत्या पाण्याखाली धरावा आणि २० मिनिटे धरून ठेवावा. नळ नसेल तर कळशीतून तांब्याने संथ धार सोडीत राहावी. म्हणूनच बंदूक तापविण्यापूर्वी भरलेली कळशी टेबलापाशी असावी. बर्फ लावू नये. निवून त्वचेला बसलेला गोंद ओढून काढू नये. त्याबरोबर त्वचा सोलून निघते. बांगडी, कडे वा अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढावी. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. पालक धावत येऊन लावू पाहतील, त्यांना शांतपणे थांबवावे. नंतर स्वच्छ, ओलसर कापड सैल झाकून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. भाजलेला भाग चेहऱ्यावर, सांध्यावर वा मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, फोड आले असतील, अथवा गोंद त्वचेला चिकटून राहिला असेल, तर विलंब करू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्याजवळ गोंद लागला असेल तर डोळा चोळू न देता त्यावर पाणी सोडीत राहावे आणि तशाच स्थितीत दवाखाना गाठावा.

काम संपल्यावर प्लग काढून बंदूक टेकूवर उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास आतील पातळ गोंद मागे वाहतो. निदान अर्धा तास ती कोणाच्या हाती लागू देऊ नये व कपाटातही ठेवू नये. कांडीचा उरलेला तुकडा मागून ओढून काढू नये, त्याने आतील कोठी बिघडते. तो तसाच राहू द्यावा, पुढील वेळी नवी कांडी त्याला पुढे ढकलते. पूर्ण निवाल्यावर टोकावरील गोंदाचा थेंब चिमटीने सहज निघतो. नंतर बंदूक कुलपाच्या कपाटात, कांड्या धूळ व ऊन लागणार नाही अशा डब्यात, आणि दोहोंची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात तापमानाच्या आकड्यासह करावी, म्हणजे बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला ती बंदूक कोणत्या जातीची आहे हे थर्मोकोलचा तुकडा न शोधताही कळेल.